रोज आठला

"मे महिन्यात नऊ दिवस, नऊ खाड्या. रोज सकाळी बरोबर आठला खाडीत शिरायचं, न्याहारी करून पुढं निघायचं," साहेबांनी जेट्टीवर नकाशा पसरून ऐकवलं. नव्या मोटरबोटीचा पहिलाच दौरा. कुठं मोदक, कुठं सुरमई, सगळं रंगीत पेनांनी लिहिलेलं.

चाळीस वर्षं दर्यात काढलेल्या पोशा तांडेलानं नासक्या बोंबलाकडं पाहावं तसं त्या नकाशाकडं पाहिलं. "रोज आठलाच? आज तिथी कोणती, साहेब?"

साहेब बायकोकडं बघून हसले. "आम्ही मुहूर्त-बिहूर्त मानत नाही, काका. सुरमई कुठली चांगली ते सांगा."

पोशानं तंबाखू थुंकली. तिथीवरून भरती-ओहोटीची वेळ काढतात आणि ती रोज पुढं सरकते, हे त्याच्या शेंबड्या नातीलाही ठाऊक होतं. पण साहेबांनी विचारली होती सुरमई. त्यानं सुरमईच सांगितली. सावकाश, दोन तास.

साहेब उठले तेव्हा खाडीचं पाणी ओसरलं होतं. जेट्टीला बांधलेली त्यांची कोरी बोट चिखलात आडवी पडली होती.

"बसा," पोशा म्हणाला. "पाणी आता संध्याकाळी सातला येईल. तोवर कागदावर लिहून घ्या, आज चतुर्दशी."