बेल्टऐवजी क्लिप

खांदा आणि कान यांच्यात फोन दाबून मिस्त्री गिऱ्हाइकाच्या गाडीत वाकला. सीटबेल्टच्या लॉकमध्ये क्लिप घातली की झालं. बेल्ट लावलाय असं गाडीला वाटतं आणि तिची टिंगटिंग गप्प होते. सकाळपासूनची ही चौथी क्लिप.

"बाबा, निघालो आम्ही," फोनवर लेक होती. सातवा महिना, तपासणीला मोठ्या दवाखान्यात चालली होती. गाडी जावई चालवत होता. "मस्त सीट मागे करून पडलेय. चारपर्यंत पोचतो."

"चार? अडीच वाजलेत. तीन तासांचा रस्ता आहे तो!"

"तुमचे जावई विमान चालवतायत ना!"

ती खिदळली. मिस्त्रीने कान देऊन ऐकलं. फोनमध्ये वारा ऐकू येत होता, गाणं ऐकू येत होता, टिंगटिंग मात्र नव्हती. असणार कुठून? लेकीला कटकट नको म्हणून गेल्या रविवारी त्यानेच तिच्या सीटला क्लिप बसवून दिली होती. कोणी मागितलीही नव्हती, पण ह्याचाच उत्साह उतू चालला होता.

"बेल्ट लाव."

"पोटावर काचतो हो."

"खालचा पोटाखालून घे, मांड्यांवरून. वरचा छातीवरून. आधी ती क्लिप काढ आणि फेकून दे."

"अहो बाबा, तुम्हीच तर बसवलीत!" जावयाचा आवाज आला.

"गाढव आहे मी, म्हणून बसवली. तुम्ही जरा हळू घ्या हो, हात जोडतो."

"मिस्त्री, माझं झालं का?" गिऱ्हाईक कंटाळलं होतं.

"थांबा हो!" तो खेकसला. फोन त्याने कानात रुतेल इतका दाबला.

पलीकडे टिंगटिंग सुरू झाली. म्हणजे क्लिप निघाली. जन्मात पहिल्यांदा मिस्त्रीला तो आवाज गोड वाटत होता. मग खट्ट झालं आणि टिंगटिंग थांबली.

"लावला बाई एकदाचा," लेक म्हणाली.

खट्ट तर क्लिपचंही होतं. इतकी वर्षं हेच काम करून त्याला दोन्हींतला फरक सांगता येईना.

"बेल्टच ना गं? परत क्लिप नाही ना घातलीस?"

"बेल्टच, बाबा. तुमची शप्पथ!"

फोन बंद झाला. त्याने लगेच पुन्हा लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलेना. मिस्त्रीने तिसऱ्यांदा लावला. खरं बोलताना लेक शपथ कधी घ्यायचीच नाही. खोटं असलं की मात्र लहानपणापासून बाबांचीच घ्यायची. बाबांना काही होत नाही, असा तिचा ठाम विश्वास होता.