उद्याचं थेट प्रक्षेपण

बाहेर लख्ख ऊन होतं, आणि टीव्हीवर मात्र मयेकरांच्याच अंगणात वार्ताहर कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. माडाला मिठी मारून तो ओरडत होता, "आपण पाहू शकता, पाणी अगदी पाण्यासारखं वाढतंय!"

कोपऱ्यात 'उद्या, थेट' अशी अक्षरं होती. वाहिन्या आता वादळ येण्याआधीच, वाऱ्याचं आणि घरातल्या माणसांचं क्षणाक्षणाचं गणित मांडून, ज्याला त्याला त्याच्याच दारातून बातमी दाखवत.

"अहो, मेला आपल्या अळूत उभा राहिलाय," इंदूताई खाटेवरून म्हणाल्या. "काल यानेच शेजारच्या कांबळ्यांच्या टीव्हीवर त्यांचं घर वाहून नेलं होतं ना? आज तिथे कोकमं वाळतायत."

मयेकरांना काय खरं मानावं तेच कळेना. शिवाय वादळात आसरा मिळायचा तो टेकडीवरच्या शाळेत, आणि तिथपर्यंतचा चढ इंदूताईंच्या गुडघ्यांना झेपेल का?

तेवढ्यात वार्ताहराने माईक वर धरला. कौलांवर स्वतः मयेकर बसलेले होते.

"काका, छपरावर बसून कसं वाटतंय? आणि काकू कुठे आहेत?"

पडद्यावरचे मयेकर नुसते पाण्याकडे पाहत राहिले.

"इंदू, ऊठ. शाळेत जायचंय."

"या उन्हात? कांबळीण हसेल हो!"

"हसू दे."

खुंटीवरचं कुलूप घेऊन त्यांनी इंदूताईंना दंडाला धरून उठवलं. टीव्ही बंद करायला गेलेला त्यांचा हात थबकला. पाणी तेवढंच होतं, पण छप्पर रिकामं होतं. वार्ताहर बंद दार ठोठावत होता.

"प्रेक्षकहो, घराला कुलूप आहे," तो खट्टू होऊन म्हणाला, "त्यामुळे इथल्या भावना आपल्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत."