शेवटची खुर्ची

बाईंनी घासाघीस केली नाही, तिथेच म्हाताऱ्याच्या मनात पाल चुकचुकली.

वेताच्या खुर्च्या विणण्यात त्याचा जन्म गेला होता. गिऱ्हाईक म्हटलं की घासाघीस आलीच. या बाईंनी मात्र सांगितले तेवढे पैसे मुकाट्याने दिले, त्याच्या हातांचा फोटो काढला आणि जाताना म्हणाल्या, "जपा हं, काका." सकाळपासून आलेल्या प्रत्येकाचं हेच. आवाज असा, की जणू आजाऱ्याच्या उशाशी बसलेत.

गेल्या आठवड्यात खोकला हटेना म्हणून सून त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली होती. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी त्याला बाहेर बसायला सांगितलं आणि सुनेला आत थांबवून घेतलं. बाहेर येऊन ती म्हणाली होती, "काही नाही, बाबा. साधा खोकला आहे." तेव्हा ते पटलं होतं.

सून कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून मोबाइलवर बोटं चालवत होती. दुकानाचं इंटरनेटवरचं पान तीच लिहायची.

"माझ्याबद्दल काय लिहिलंयस?"

"काही विशेष नाही."

"मग दाखव."

तिने नाइलाजाने मोबाइल पुढे केला. म्हाताऱ्याने चष्मा चढवला आणि एकेक शब्द लावत वाचलं. वर त्याच्याच हातांचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'हे हात आता थकलेत. आमच्या बाबांनी विणलेली ही कदाचित शेवटची खुर्ची.'

"काय झालंय मला?"

"अहो, काही नाही झालेलं! नुसतं 'खुर्च्या विणून मिळतील' असं लिहिलं की कुत्रंसुद्धा फिरकत नाही. लोकांना काळजाला भिडणारं लागतं. बघताय ना, कुठून कुठून येतायत ते?"

"म्हणजे मला मारून दुकान चालवतेस होय?"

"'कदाचित' म्हटलंय की, बाबा."

"आणि डॉक्टर आत काय म्हणाले?"

"औषधाच्या वेळा सांगितल्या. तुम्ही विसरता म्हणून. शपथ घेऊ का?"

म्हातारा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "ज्यांनी मला कधी पाहिलं नाही, त्यांना रडवलंस तू. तुझ्या शपथेवर मी कसा विश्वास ठेवू?"

"काढून टाकते," एवढंच ती म्हणाली आणि त्याच्यादेखत तिने ते पुसून टाकलं.

तेवढ्यात समोरच्या दुकानातला शिंपी रस्ता ओलांडताना दिसला. म्हाताऱ्याला हायसं वाटलं. शिंप्याचं स्टूल कधीचं इथे पडून होतं, आणि तो रोज येऊन चार शिव्या हासडून जायचा. कालच ओरडला होता, "मरायच्या आधी देशील ना रे माझं स्टूल?" त्याच्याकडे असला मोबाइल नव्हता. अक्षरओळखही नव्हती. याच्यापर्यंत तरी सुनेचं लिहिणं पोचलेलं नसणार.

"ये, ये! आलास शिव्या घालायला?" म्हातारा आतूनच ओरडला.

शिंपी दारातच थांबला. त्याने आधी सुनेकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे.

"नाही रे," तो म्हणाला. "घाई नाही. होईल तेव्हा दे."

बादलीत भिजत घातलेला वेत म्हाताऱ्याने काढून झटकला, पुढ्यातली खुर्ची बाजूला सारली आणि शिंप्याचं स्टूल ओढून घेतलं.