वेस्लीची दहावी टीम

“ड्रग टेस्ट फेल? आमचा वेस्ली?” टीमचा मॅनेजर ग्रँट याच्या ऑफिसात विनया खुर्चीत बसायलाही तयार नव्हती. “मी फार्मसिस्ट आहे, ग्रँट. खोकल्याचं औषधसुद्धा मी त्याला लेबल वाचून देते.”

“जरा हळू,” इंद्रनील मराठीत पुटपुटला.

“हळू काय? तुम्हा आयटीवाल्यांचं सगळं रीस्टार्ट करून भागतं. इथे माणसाचं करिअर चाललंय.”

वेस्ली अमेरिकन पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. २०११ पासून बेसबॉलवर पोट भरत होता. मेक्सिको, तैवान, कुठली कुठली गावं, आणि नऊ टीम. एकाही टीमने दुसऱ्या वर्षी परत बोलावलं नाही. ऑकलंडची ही दहावी. बाहेरच्या खेळाडूंना इथल्या कुटुंबांत ठेवायची टीमची पद्धत, म्हणून तो फ्लॅट बुश या उपनगरात विनया-इंद्रनीलच्या घरी आला. सगळे विनयाला वहिनी म्हणतात, तेव्हा तेच तिचं नाव समजून तोही ‘वाहिनी’ म्हणायचा. वरणभात खायचा, भांडी घासायचा, दिवाळीत फराळावर तुटून पडला. पुढच्या आठवड्यात जपानहून एका टीमचा माणूस त्याचा खेळ बघायला येणार होता. या वयात पुन्हा कुणी येणार नव्हतं. आणि दिवाळी संपते न संपते तोच मॅनेजरने त्याला काढून टाकलं.

“त्याच्या मागेपुढे कुणी नाही म्हणून ना?” विनयाचा आवाज चिरकला. “चोर सोडून संन्याशाला फाशी. लाज वाटायला हवी तुम्हाला.”

इंद्रनीलने वातावरण निवळावं म्हणून पिशवीतला डबा टेबलावर ठेवला. “आमच्या दिवाळीचं गोड. घ्या ना.”

ग्रँट रागावला नव्हता. उलट थकल्यासारखा दिसत होता. “मॉर्फिन सापडलं,” तो म्हणाला. “अगदी थोडं. मलाही पटेना. मी त्याला म्हटलं, अफूच्या बियांनीसुद्धा असं होतं, पावावर लावतात ना, पॉपी सीड्स. तसलं काही खाल्लं असशील तर सांग, सगळं रद्द करून घेतो.”

“मग?”

“त्याने उलट मलाच विचारलं, ‘मी राहतो तिथे वाहिनी फार्मसिस्ट आहेत. त्यांच्याकडे चौकशी होईल का?’ मी म्हटलं, मॉर्फिन आहे, होणारच. लगेच कबूल झाला. गोळी मीच बाहेरून घेतली, त्या घराचा काही संबंध नाही, म्हणाला. सकाळच्या विमानाने गेलासुद्धा.”

विनया खाली बसली. ग्रँटने झाकण उघडून एक अनारसा उचलला.

“छान दिसतंय. हे वर बारीक दाणे कसले?”

“खसखस,” इंद्रनील म्हणाला, आणि बायकोकडे वळला. “विनया, खसखशीला इंग्लिशमध्ये काय म्हणतात गं?”