हिरव्या सायकलीची एकवीस मिनिटं

सायकलीला हात लावू देत नाही म्हणजे काय? ज्या आईनं ढुंगण धुतलं, तिलाच म्हणे हात लावू नकोस! बास्तियानाचं शनिवारच्या दुपारपासून हे निदान दहा जणींना सांगून झालं होतं. सत्तेचाळीस वर्षांचा घोडा झाला, पण आजवर सायकल अंगणात टाकून बूट न काढता जेवायला बसायचा. ती पुसून आत घ्यायची ती आईनंच. आणि आता हाच लेक, बाकिस, ती उशाशी घेऊन निजला होता.

"जिंकलास ना? मग चोरासारखा का वागतोयस?" तिनं विचारलंही.

जिंकला होता हे खरं. सणाच्या आदल्या दिवशी पुलापासून डोंगरावरच्या मरियामातेच्या चर्चपर्यंत सायकलीनं चढायचं, ही गावची जुनी शर्यत. सहा किलोमीटर, चौदा वळणं. एरवी त्या रस्त्यावर दिवसाला चार गाड्या आणि मेंढ्यांचे दोन कळप. चर्चच्या भिंतीवर एकच सायकल टांगलेली होती, हिरवी. बास्तियानाच्या नवऱ्याची, आंतियोकोची. एकवीस मिनिटं. छप्पन्न वर्षांत कुणाला तो विक्रम मोडता आला नव्हता. जो मोडेल, त्याची सायकल हिरवीच्या शेजारी लागायची.

बाकिसनं वीस वर्षं घाम गाळला. कधी चोवीस, कधी तेवीस. आणि दर सणाला जेवताना बास्तियाना सगळ्यांदेखत म्हणायची, "बापाच्या सायकलीला गियर एक होता. तुझ्या सायकलीला बावीस आहेत, पण बसणाऱ्यात एकही नाही." पाहुणे हसायचे. सून हसायची. बाकिसही हसायचा, आणि पावाचा तुकडा बोटांत चुरत राहायचा.

या शनिवारी त्याला वीस मिनिटं लागली.

रविवारी चर्च भरलं. बाहेर बँड वाजत होता. भाजणाऱ्या कोकराचा धूर दारातून आत येत होता. रीत अशी, की सायकल घरातल्या बाईनं वेदीपुढून न्यायची आणि आकड्याला टांगायची. पुरुषानं कमवायचं, मातेला द्यायचं ते बाईनं.

"आई, मी नेतो. तुझ्या खांद्याला सोसणार नाही," बाकिस पुटपुटला.

"सात किलो ना रे? पिसासारखी आहे म्हणून गावभर सांगत होतास. सर बाजूला."

तिनं सायकल उचलली.

बास्तियानानं साठ वर्षं मेंढीच्या दुधाचं चीज केलं होतं. ढेप हातात घेऊन ती वजन सांगायची. तराजू मागाहून तेच सांगायचा. सात किलो म्हणजे दोन ढेपा. या दोन नव्हत्या. अडीचच्याही वर होत्या. आणि जास्तीचा भार सगळा खाली, पायडल फिरतात तिथं, एका जागी बसलेला. पकड सावरताना तिचा अंगठा हँडलच्या पट्टीखालच्या एका बारीक फुगवट्यावर पडला. भिंतीत गांधीलमाश्यांचं पोळं असावं तसं काहीतरी गुणगुणलं. पायडल फिरू लागले. मागचं चाकही फिरू लागलं. कुणाचा पाय त्यावर नव्हता.

तिनं अंगठा पुन्हा दाबला. चाक थांबलं. लोकांकडे तिची पाठ होती, आणि बँडनं बाकीचं झाकलं.

तिनं मुलाकडे पाहिलं. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"टांग ना, आई," तो ओठ न हलवता म्हणाला. "तुझं तोंड एकदा, एकदाच बंद व्हावं, एवढंच होतं."

आकड्याखाली ठेवलेल्या स्टुलावर चढून बास्तियानानं ती टांगली की झालं असतं. एका घराच्या दोन सायकली, आणि गावात जन्मभर पुरेल एवढा मान. तिनं वर पाहिलं. हिरव्या सायकलीचा रंग पोपडे धरून सुटला होता. त्या भिंतीकडे बोट दाखवून तिनं गावच्या पोरांना किती वेळा तीच गोष्ट सांगितली होती. सांगता सांगता तिला स्वतःलाही ती खरी वाटायला लागली होती.

"टांगा, मावशी," पाद्री म्हणाले. "बाहेर कोकरू करपतंय." लोक हसले.

बास्तियानानं मुलाची सायकल भिंतीला टेकवली. मग ती स्टुलावर चढली आणि तिनं हिरवी सायकल आकड्यावरून खाली काढली. मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली. बाहेर कुणीतरी बँडला गप्प केलं.

"बाकिस," ती म्हणाली, दारातल्या माणसालाही ऐकू जाईल अशी, "तुझ्या सायकलीत यंत्र आहे. ती घरी ने. आणि ही बापाचीही ने. तो जिंकला त्या दिवशी धुकं होतं. त्याच्या पुढं माझ्या वडिलांची दुधाची गाडी होती, आणि मागं कॅनांवर मी बसले होते. पहिल्या वळणापासून तेराव्यापर्यंत त्यानं माझा हात सोडला नाही. लबाड तू आहेसच, पोरा. पण त्याला ओढणारी मी, आणि तुला ढकलणारीही मीच."