तोंडी सुट्टी

“न सांगता लग्नाला पळालीस, आता तुझ्या जागी माझी भाची बसते. निघ!” साडीच्या दुकानात, भर गिऱ्हाइकांसमोर शेठ गरजला.

कांचन उंबऱ्यातून हलली नाही. “शेठ, सुट्टी मी महिनाभर आधी मागितली, तुम्ही ‘जा’ म्हणालात. माझ्या बहिणीच्या लग्नात पहिल्या पंगतीला तुम्हीच तर होतात, फेटा बांधून!”

गिऱ्हाइकं खुदकन हसली. शेठचे कान लाल झाले. “जेवायला आलो म्हणजे सुट्टी दिली, असं कोण म्हणतं? आहे का कुणी साक्षीला?”

कांचननं गादीवरच्या मैत्रिणींकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली, हात साड्यांच्या घड्या घालण्यात गुंतलेले. झालं, संपलंच सगळं!

तेवढ्यात गरोदर सुनंदानं पैठणी तशीच टाकली. “शेठ, माझी बाळंतपणाची सुट्टीही तोंडीच ठरलीय. ती विसरणार?”

एकेक हात थांबला. उलगडलेल्या साड्यांचा ढीग पडला, घडी कुणीच घालेना. गिऱ्हाइकं उठू लागली.

“बरं बाई, दिली होती सुट्टी!” शेठ पुटपुटला.

“मोठ्यानं,” कांचन म्हणाली, आणि चपला काढून गादीवर चढली.