पट्टीवाली

मोठ्या डॉक्टरांनी हृदयाच्या ठोक्यांची पट्टी घेतली, न उलगडताच तिच्या चार घड्या घालून केसपेपरात खोचली आणि म्हणाले, “सुटी.”

“एकदा बघता का, सर? ठोका मधेच थांबतोय,” पट्टीवाली म्हणाली. वॉर्डात तिला याच नावाने हाक मारत. बावीस वर्षं ती पट्टी काढायचं हे मशीन खाटेखाटेशी ढकलत होती. तेवढ्या काळात पाच मोठे डॉक्टर येऊन गेले. एकालाही तिचं खरं नाव विचारावंसं वाटलं नाही.

“बाई, डेंगी आहे. ताप उतरला, प्लेटलेट सव्वा लाख. नाडी मंद म्हणजे अशक्तपणा. तुम्ही पट्टी काढा, वाचायला आम्ही आहोत.”

मागचे शिकाऊ डॉक्टर हसायचं म्हणून हसले. घोळका पुढच्या खाटेकडे गेला.

प्लेटलेट. पंधरा दिवस सगळ्या वॉर्डाच्या तोंडी एवढंच. बाहेरच्या बाकावर नातेवाईक एकमेकांना आकडे सांगत, जणू मुलांचे गुण. माणसाला छातीही असते, हे कोणाच्या गावी नव्हतं.

सुटी मिळालेला पेशंट बसचा ड्रायव्हर होता. मेहुण्याने पिशवी भरून ठेवली होती. “चला भावोजी, सव्वा लाख म्हणजे पहिला नंबर. उद्यापासून गाडीवर.”

ड्रायव्हर उठायला गेला आणि परत आडवा झाला. “गरगरतंय रे.”

“लोळून लोळून गरगरणारच.”

पट्टीवालीने मेहुण्याकडे पाहिलं. चाळीस माणसं मागे बसवून याचे भावोजी उद्या वळणावर डोळे मिटणार होते. तिने हातापायांचे चिमटे पुन्हा घट्ट केले.

“मशीन बिघडलंय. परत काढावी लागेल.”

“किती वेळ लागेल?”

“बिघडलंय तेवढा.”

कागद सरकू लागला. तिने तो थांबवलाच नाही. ठोका, ठोका, मग चार बोटं नुसती सपाट रेघ. ती रेघ आली की ड्रायव्हरचे डोळे मिटत. कागद खाटेवरून खाली उतरला, फरशीवर पसरला.

“हा काय तमाशा?” मोठे डॉक्टर तरातरा परत आले. “कागद फुकटचा आहे? बाहेर दोन पेशंट खाटेसाठी ताटकळलेत.”

“मशीनला अशक्तपणा आलाय, सर. मधेच चार बोटं सपाट रेघ काढतंय.”

शिकाऊ डॉक्टरांपैकी कोणी हसलं नाही.

“कुठे?” डॉक्टरांनी चष्मा सावरला, खाली वाकून बुटांपुढची वीतभर पट्टी न्याहाळली. “मला तर काही दिसत नाही.”

“पाय उचला, सर.”